मनमोहनकाकांच्या बँकेतला चहा

गिरगाव, मंगळवार
ता. २२ जानेवारी १९५७

चि. शरदचंद्र यास यशोदाताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. सख्खा भाऊ दादरला राहतो आणि त्याला गिरगावातून पोस्टानं पत्र लिहावं लागतं, हे आपल्या आईनं पाहिलं असतं तर तिनं आपल्या दोघांच्याही पाठीत धपाटा घातला असता. काल तुझा निरोप आला की मनमोहनकाकांच्या बँकेची तपासणी संपेपर्यंत तू आमच्या बिऱ्हाडी पाय ठेवणार नाहीस. काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात आणि माझे पैसे त्यांच्या ठाकूरद्वार पीपल्स बँकेत आहेत, एवढाच आमचा गुन्हा. ठीक आहे. रविवारचं पापलेटाचं भुजणं मी आणि बेबी खाऊ. तुझ्या वाटणीचं मांजराला घालू, तेही नात्यातलंच आहे.

पण काल तू बँकेत जे केलंस ते काही मला पटलं नाही. तीस वर्षं झाली, काकांच्या बँकेत पाऊल टाकणाऱ्याला काका स्वतःच्या हातानं किटलीतून चहा ओतून देतात. पाच रुपयांचं खातं उघडणारा असो की छापखान्याचा मालक असो, निळ्या काठाचा कप सगळ्यांना सारखा. वरळी कोळीवाड्याची सुंदराबाई मासळीची पाटी दाराशी ठेवून तो चहा पिऊन जाते. आणि तू, ज्याच्या मुंजीत काकांनी पंगतीत वाढलं, तो तू कप हातानं बाजूला सारून कपाटांना सील ठोकत बसलास. काका जिना चढून वर आमच्याकडे आले आणि झोपाळ्यावर बसून राहिले. बँकेचा शिपाई गुणाजी तर कप तसाच भरलेला परत नेताना रडवेला झाला होता म्हणतात.

बेबीचं कॉलेज नावापुरतं चालू आहे. सकाळ-संध्याकाळ समितीची पत्रकं वाटत फिरते. तिला तुझं सांगितलं तर म्हणाली, मामा म्हणजे त्या राज्य पुनर्रचनेच्या तीन शहाण्यांसारखा. त्यांनाही कोणी निवडून दिलं नव्हतं, आणि त्यांनी आपल्या मुंबईचं काय करायचं ते ठरवून टाकलं. मी तिला गप्प केलं.

थंडी आहे, मफलर वापर. लोभ आहेच. तो चहासारखा बाजूला सारू नकोस.

तुझी,
यशोदाताई

•

दादर, गुरुवार
ता. २४ जानेवारी १९५७

ती. यशोदाताईस शरदचंद्रचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. धपाटाही पोचला. मांजराचं भाग्य थोर.

ताई, काकांचा अपमान करायचा माझा हेतू नव्हता. सगळ्या बँकांवर देखरेख करणाऱ्या आमच्या मोठ्या बँकेचा तपासनीस दुसऱ्या बँकेत गेला की तिथलं पाणीसुद्धा पीत नाही, हा आमचा दंडक आहे. मी नवीन असताना आमच्यातले एक गृहस्थ तपासणीला गेले आणि तिथल्या चालकांकडे आठ दिवस यथेच्छ जेवले. त्यांच्या अहवालात सगळं गोड गोड होतं. वर्षभरात ती बँक बुडाली आणि विधवांनी कचेरीच्या पायऱ्यांवर बसून टाहो फोडला. तो मी ऐकलेला आहे. त्या दिवसापासून मी डबा घेऊन जातो आणि फिरकीच्या तांब्यातलं पाणी पितो.

हे काम मला नको होतं. काका वडिलांचे स्नेही आहेत, असं मी साहेबांना लेखी कळवलं. ते म्हणाले की तुम्ही प्रभू लोक सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी लागता, ज्याचं नातं नाही असा माणूस मी कुठून आणू? ज्यांनी जायचं ते आजारी आहेत. म्हणून मी गेलो, आणि नातं होतं म्हणूनच जरा जास्त ताठ वागलो. हे मात्र कबूल करतो.

बेबीला सांग, बँक धड आहे की नाही हे मतं घेऊन ठरवायचं म्हटलं, तर ज्याचा चहा गोड त्याची बँक धड ठरेल. काही माणसं अशी लागतात की ज्यांना कोणाची मर्जी राखायची गरज नाही. तू वर्तमानपत्रात वाचलं असशील, आमचे सगळ्यांत मोठे साहेब मंत्र्यांशी पटेना म्हणून याच महिन्यात राजीनामा देऊन गेले. मंत्री निवडून आलेले, साहेब नेमलेले, तेव्हा जायचं कोणी हे ठरलेलंच. तरी त्या दिवशी कचेरीत सगळे पाचाच्या ठोक्याला टेबल आवरून घरी गेले. आपल्या हातात लोकांनी दिलेलं असं काहीच नाही, हे सगळ्यांना एकदम आठवलं असावं.

तपासणीत काय दिसतं ते मी साहेबांना लिहिणार, साहेब काकांना लिहिणार. तिसऱ्या माणसाला ते कळत नाही, आणि बहिणीला तर नाहीच. तेव्हा विचारू नकोस. काकांना माझा नमस्कार मात्र सांगू नकोस, कारण त्याचाही कोणी अर्थ काढेल.

रागावलीस तरी माया पातळ करू नये, एवढं मागणं.

तुझा,
शरद

•

गिरगाव, मंगळवार
ता. २९ जानेवारी १९५७

चि. शरदचंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नीट घडी घालून ठेवलं आहे. पण आता थट्टेला जागा उरलेली नाही, म्हणून सरळ लिहिते.

गुणाजी शनिवारी दाढी करायला न्हाव्याकडे गेला. तिथं सहज बोलून गेला की सरकारी साहेबांनी काकांचा चहा परत केला, आणि ते साहेब तर काकांच्या घरचेच म्हणावे असे. बस्स. घरच्या माणसानं चहा घेतला नाही म्हणजे आत काहीतरी नासलंय, असं न्हाव्यानं पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं. रविवारभर गिरगावात दुसरा विषय नव्हता. लढाईनंतर ज्या बँका बुडाल्या त्या लोक विसरलेले नाहीत. काल सकाळी दार उघडायच्या आधी चाळीस माणसं उभी होती, आज रांग नाक्याच्या पुढे गेली. गुणाजी कपाळावर हात मारून सगळ्यांना सांगतोय की मी तसं म्हटलं नव्हतं. आता त्याचं कोण ऐकणार?

सगळ्यांच्या पुढे सुंदराबाई. तिनं काकांना तोंडावर सांगितलं म्हणे, की तुमच्यावर माझा राग नाही, पण माझ्या पोरीच्या लग्नाचे पैसे आहेत आणि माझ्याकडे दुसरी होडी नाही. काकांनी तिला पैसे मोजून दिले आणि चहाही दिला. तिनं पैसे घेतले, चहा ठेवला. तो कप पाहून मागची माणसं आणखी पुढे रेटली.

काका म्हणतात, पैसे काही तिजोरीत गठ्ठे करून ठेवलेले नसतात. ते छापखान्यांना, दुकानांना, हिंदू कॉलनीत घर बांधणाऱ्यांना दिलेले आहेत, आणि ते एका दिवसात परत मागता येत नाहीत. शुक्रवारपर्यंत कसंबसं निभेल. पुढे देव जाणे. माणूस दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झाला आहे.

आता तूच सांग. बँक खरोखर नासली असेल तर सांग, आणि नसेल तर तेही सांग. तुझ्याएवढं ठाऊक असलेला माणूस अख्ख्या गिरगावात नाही.

तुझी,
यशोदाताई

•

दादर, बुधवार
ता. ३० जानेवारी १९५७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिली दोन फाडली. बँक चांगली आहे असं लिहिलं तर फुटलो. वाईट आहे असं लिहिलं तरी फुटलो. मला झोप नाही असं लिहिलं तरी तू त्यावरून काहीतरी ताडशील. म्हणून फक्त काय घडलं ते लिहितो.

काल मी साहेबांकडे गेलो. सांगितलं की माझ्या वागण्यामुळे रांग लागली आहे, कचेरीनं चार ओळींचं निवेदन काढावं. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी मला बसवून घेतलं आणि म्हणाले, की आज एका बँकेबद्दल आपण बरं बोललो, तर उद्या ज्या बँकेबद्दल आपण गप्प राहू ती त्याच दिवशी बुडेल. आपण सगळ्यांबद्दल गप्प राहतो म्हणून आपल्या गप्प राहण्याला अर्थ नसतो. ताई, हे खोटं नाही. मी इतकी वर्षं हेच मानत आलो, आणि आजही मानतो.

फक्त एवढंच, की माझ्या गप्प राहण्याला अर्थ चिकटलेला आहे. तो मी चिकटवला नसेल, पण कप मीच सारला.

तपासणीचे शेवटचे कागद द्यायला मला शुक्रवारी बँकेत जायचं आहे. तोवर काही विचारू नकोस.

तुझा,
शरद

•

गिरगाव, गुरुवार
ता. ३१ जानेवारी १९५७

चि. शरदचंद्र यास आशीर्वाद.

तुझे साहेब हुशार आहेत. त्यांचं सगळं पटलं. पण मला एक सांग, समितीचा उमेदवार परवा आमच्या चौकात आला तेव्हा बेबीनं त्याला चार प्रश्न विचारले. दोनांची त्यानं उत्तरं दिली, दोनांना तो लाजला. लाजला तरी उभा राहिला, कारण पुढच्या महिन्यात त्याला आमच्या दारी मत मागायचं आहे. तुझ्या साहेबांना कोणाच्या दारी जायचं आहे? काकांची बँक तुमच्या गप्प राहण्यानं मेली, तर तुम्ही कोणापुढे लाजाल?

मर्जी राखू नका, खुशाल राखू नका. पण उत्तरही द्यायचं नाही, हे कसं? विहिरीत बसून न्याय देणाऱ्याला निदान विहिरीच्या काठी यायला काय हरकत आहे?

माझ्याजवळ ह्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे साडेचार हजार आहेत आणि ते सगळे तिथंच आहेत. ते काढू का, एवढंच विचारते. हो किंवा नाही.

यशोदाताई

•

गिरगाव, शनिवार
ता. २ फेब्रुवारी १९५७

चि. शरदचंद्र यास यशोदाताईचे अनेक अनेक आशीर्वाद.

काल तू मला पाहिलं नाहीस. मी रांगेत होते.

पासबुक रुमालात गुंडाळलं होतं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला होता, काकांनी ओळखू नये म्हणून. तुझं उत्तर आलं नाही. भावावर विश्वास ठेवायला हवा होता, हे मला कळतं. पण तू गप्प होतास, आणि गप्प माणसावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? माझ्यापुढे तीसेक माणसं होती. रांग मोजत होते आणि मनातल्या मनात मेल्याहून मेले होते.

तू आलास तेव्हा सगळी रांग तुझ्याकडे वळली. तू कागद काकांच्या टेबलावर ठेवलेस, सह्या घेतल्यास, पिशवी बंद केलीस. मग दाराकडे न जाता वळलास आणि काकांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास की चहा मिळेल का. काकांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी अशा घाईनं किटली उचलून ओतली की निम्मा चहा बशीत सांडला. तू कपातला प्यायलास, मग बशीतलाही प्यायलास, आणि आणखी एक मागितलास. बँकेबद्दल अवाक्षर बोलला नाहीस. मिशी पुसलीस, काकांना वाकून नमस्कार केलास आणि गेलास.

सुंदराबाई काल उरलेले पैसे काढायला आली होती. ती मोठ्यानं म्हणाली की ज्याला सगळं ठाऊक आहे तो बशी चाटून गेला, आणि आपण काय उन्हात वाळत घातलेले बोंबील आहोत का? गेल्या सोमवारी नेलेले पैसे येत्या सोमवारी परत आणते असं सांगून ती पाटी उचलून चालू लागली. मग एकेक जण सुटत गेला. बाराच्या ठोक्याला गुणाजी रिकामी पायरी झाडत होता. मी रुमाल तसाच घरी आणला.

काका संध्याकाळी वर आले आणि झोपाळ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. मीही रडले. बेबी म्हणाली, मामानं आज मत दिलं.

आता तुझं काय होणार? दंडक मोडलास ना? खरं काय ते कळव. उद्या भुजणं आहे, आणि आता तुला कसलीच आडकाठी नाही. लोभ होता त्याहून वाढला आहे, जपून ठेव.

तुझी,
यशोदाताई

•

मुक्काम परगावी
ता. ९ एप्रिल १९५७

ती. ताईस शरदचंद्रचा शि. सा. न. वि. वि.

फिरतीवर पाठवल्यापासून हे पहिलं मोठं पत्र. चहाचं मी स्वतःच साहेबांना लेखी कळवलं होतं. मेमो मिळाला, वर्षाची पगारवाढ गेली, आणि मुंबई सोडून बाहेरच्या तपासण्या वाट्याला आल्या. त्याचं दुःख नाही. काकांची बँक धड होती हे आता लिहायला हरकत नाही, कारण तो अहवाल निकालात निघाला. निवडणुकीच्या निकालाला दादर-परळकडे समितीचे फटाके वाजले तेव्हा बेबीचा घसा बसला होता असं तू लिहिलंस, ते वाचून एकटाच हसलो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. गावाचं नाव लिहीत नाही. पोस्टाच्या शिक्क्यावरून कळलं तर तुझ्यापाशीच ठेव. इथल्या एका लहान बँकेच्या तपासणीला मी गेल्या आठवड्यात आलो. गिरगावची गोष्ट माझ्याआधी येऊन पोचली होती. बँकेच्या मालकानं ओसरीवर टेबल मांडलं होतं, कप मांडले होते, आणि समोर शे-दीडशे माणसं उभी होती. मालक हसत हसत म्हणाला की साहेब, आधी चहा.

मी काहीच तपासलं नव्हतं. एक पानही उघडलं नव्हतं. घेतला तर मी न पाहिलेल्याची ग्वाही दिली, आणि न घेतला तर न पाहिलेलं बुडवलं. आत जाऊन काम करू द्या म्हणालो, तर तोही नकारच ठरला. दुपारपर्यंत रांग लागली, दोन वाजता पैसे संपून बँकेच्या दाराला फळ्या लागल्या. ज्यांनी लवकर धाव घेतली त्यांना मिळालं. नंतर मी पानं उघडली तेव्हा दिसलं, की निम्मे पैसे मालकानं आपल्या मेव्हण्यांना वाटलेले होते. म्हणजे बँक बुडणारच होती. पण ती बुडेल ती शिस्तीनं बुडावी, उरलेलं सगळ्यांना सारखं वाटलं जावं, यासाठीच तर आम्ही गप्प राहतो! साहेबांचं म्हणणं मला त्या ओसरीवर पुरतं कळलं.

संध्याकाळी धर्मशाळेत रामदास मास्तर म्हणून एक गृहस्थ आले. शाळेतून निवृत्त, तरी फुकट शिकवायला जातात. त्या दिवशी वर्गावर होते म्हणून रांगेत शेवटी पोचले. सगळं गेलं. ते रागावलेले नव्हते. त्यांना फक्त विचारायचं होतं. मी त्यांना बसवलं आणि दोन तास सगळं सांगितलं. आमचे दंडक, साहेबांचं म्हणणं, काकांची किटली, तू रुमालात पासबुक घेऊन उभी होतीस तेही. माझ्या कामाबद्दल मी जन्मात पहिल्यांदा कोणाला उत्तर देत होतो.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की गिरगावच्या रांगेत तुमची बहीण होती. आमच्या रांगेत तुमचं कोण होतं?

तू रांगेत आहेस हे मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणालो. ते खरं आहे. पण तुझं पत्र खिशात होतं, हेही खरं आहे. काका परके असते, गिरगाव परकं असतं, तर मी चहा मागितला असता का? ताई, मला माहीत नाही. ज्याला कोणाची मर्जी राखायची गरज नाही तो मी, असं तुला ऐटीत लिहिलं होतं.

मी साहेबांना एक अर्ज पाठवला आहे. तपासणी संपली की निकाल चार ओळींत बँकेच्या दारावर लावावा. काय बरं दिसलं, काय वाईट दिसलं, सुधारायला किती मुदत दिली, आणि खाली तपासणाऱ्याची सही आणि नाव. सगळ्या बँकांना तोच कागद. मग कप कोणी पाहणार नाही. उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटतही नाही.

मास्तरांनी निघताना पत्ता मागितला. कचेरीचा द्यायचा नसतो आणि माझा मुक्काम सारखा बदलतो, म्हणून तुझा दिला; पुढचा मुक्काम तुला कळवीनच. रागावू नकोस. तुझ्या मायेवर आजवर भार टाकत आलो, तसा हाही टाकतो.

तुझा,
शरद

•

गिरगाव, बुधवार
ता. २४ एप्रिल १९५७

चि. शरदचंद्र यास यशोदाताईचे आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. नव्या पैशांचा घोळ चालू आहे. सुंदराबाई आण्यांतच भाव सांगते आणि दोन आण्यांचे बारा नवे पैसे दिले की भांडते. मनमोहनकाकांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मग खाली जाऊन बँकेच्या दारावर स्वतःच एक कागद लावून आले. किती ठेवी, किती कर्ज, कोणाकडे किती थकलं, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात, खाली सही. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. लोक थांबून वाचतात, दोन-तीन थकबाकीदार लाजून भरूनही गेले.

तुझा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून राहील. राहू दे. पुढच्या महिन्यात दुसरा पाठव.

मास्तरांचं पत्र काल आलं. जाड आहे, दुहेरी तिकिटं लावली आहेत. बेबीनं उजेडात धरून पाहायचा प्रयत्न केला, तिच्या हातावर चापट मारली. मी ते फोडलेलं नाही. याच लखोट्यात घालून पाठवते आहे. त्यावर नाव तुझं आहे, तेव्हा उत्तर तूच द्यायचंस.

माझा लोभ कुठं जात नाही. आधी त्यांना लिही, मग मला.

तुझी,
यशोदाताई